आत्याचं ऑकलंड

आत्याच्या देखत कुणी खिशातून नोट काढली की तिचा हात मध्ये पडायचाच. दुकान कुणाचं, खरेदी कुणाची, माणूस ओळखीचा की परका, असले प्रश्न तिला पडत नसत. नालासोपाऱ्याच्या एका किराणा दुकानात तिने एकदा रांगेत पुढे उभ्या असलेल्या, कधी न पाहिलेल्या बाईचं मनगट धरलं आणि म्हणाली, "थांब गं बाय, रोख कशाला देतेस? माझ्या कार्डावर घाल आनि ती नोट मला दे." बाई घाबरून दुकानदाराकडे बघायला लागली. दुकानदार वर न बघता म्हणाला, "द्या ताई, काही होत नाही. त्या पॉइंटआत्या आहेत."

नाव तिथूनच पडलं की आधीच पडलेलं होतं, ते आता सांगता येत नाही. आमच्या गास गावात लहानथोर सगळे तिला पॉइंटआत्याच म्हणत. माझी ती सख्खी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला आणि ती आमच्या घरी परत आली. मग नगरपालिकेच्या घरपट्टी विभागात लागली, ती निवृत्त होईपर्यंत तिथेच. त्या नोकरीने तिला दोन गोष्टी दिल्या. एक पेन्शन आणि दुसरी मुदतीची भीती. "जनमभर लोकांकडून उशिराचा दंड घेतला मी," ती म्हणायची, "आता बँकेला दंड भरनार नाय."

निवृत्त बाईला बँक सहजासहजी क्रेडिट कार्ड देत नाही. तिने आपली एक मुदतठेव बँकेकडे तारण ठेवली आणि त्यावर कार्ड घेतलं. काउंटरवरच्या मुलीने तिला समजावून सांगितलं की अमुक खर्चावर इतके पॉइंट, ते विमान कंपनीकडे वळवता येतात, आणि त्यातून तिकीट निघतं. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, बँकेला यात काय मिळतं? मुलगी हसली आणि म्हणाली, लोक वेळेवर पैसे भरत नाहीत, मॅडम. त्या दिवसापासून आत्या दर महिन्याला बिल यायच्या आधीच पैसे भरून मोकळी व्हायची. एकदा मी वाटेत पेट्रोल भरलं आणि पाचशेची नोट दिली, तर घरी येईपर्यंत ती बोलली नाही. खरं तर तिच्या कार्डावर पेट्रोलला पॉइंट मिळत नसत, हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. पण सवय म्हणजे सवय, असं तिचं म्हणणं.

किराणा, लाइट बिल, औषधं यांनी एका घराचं विमान काही उडत नाही. तिची खरी कमाई लग्नसराईत व्हायची. आमच्याकडे बस्ता काढायला घरची माणसं एखाद्या जाणत्या बाईला बरोबर घेऊन जातात. कुणाला काय साडी शोभेल, मामीच्या मानाचं कुठलं, हे सांगायला. आत्याला साड्यांतलं ओ की ठो कळत नसे. तरीही गासपासून समुद्राकाठच्या कळंबपर्यंत कुठल्याही घरचा बस्ता असो, ती पहिल्या गाडीत बसलेली असायची. निवड बाकीच्यांनी करायची. ती दुकानात एका खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसून राहायची, आणि मालकाने बिल फाडलं की उठायची. नवऱ्यामुलाचा बाप तिथल्या तिथे फोनवरून तिच्या खात्यात पैसे पाठवायचा. एकदा बँकेतून फोन आला, मॅडम, एका महिन्यात एकशे चाळीस साड्या? या सगळ्या तुम्ही घरासाठीच घेतल्यात का? आत्या शांतपणे म्हणाली, "घर मोठं आहे."

या सगळ्यात तिची सगळ्यात गोड खोड अशी की पॉइंट किती झाले हे ती आकड्यात कधी सांगत नसे. ती अंतरात सांगायची. मुंबईहून ऑकलंडला जायच्या वाटेवर तिने मनात एक विमान सोडलं होतं, आणि आमच्या घरचा प्रत्येक खर्च त्याला थोडा थोडा पुढे ढकलत असे. रात्री जेवताना सांगायची, "लाइट बिल भरलं. सोलापूरच्या पुढे गेलो." गॅसच्या सिलिंडरने हैदराबाद दिसायला लागायचं. पावसाळ्यात लग्नं नसली की विमान चेन्नईच्या पुढे समुद्रावर अडकून पडायचं, आणि आत्या खरोखरच्या काळजीने म्हणायची, "खाली सगळं पानीच आहे रे." मग दिवाळीनंतर कळंबचा एखादा मोठा बस्ता निघायचा आणि आम्ही एका दिवसात अंदमान ओलांडायचो. माझी बायको हसून लोटपोट व्हायची. मी ताटाकडे बघत जेवायचो.

ऑकलंडला माझी बहीण असते. सुजाता, आमची सुजू. आणि आत्याने हे सगळं का आरंभलं, ते सांगायचं म्हणजे मला आईच्या आजारपणाकडे जावं लागतं. आजवर मी ते टाळत आलो.

आईला न्यूमोनिया झाला तेव्हा आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. तिला घराबाहेर पडायची मनाई होती. दवाखान्यात मीच होतो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मुंबईला मोठ्या रुग्णालयात हलवा, आणि जवळच्या माणसांना कळवा. माझ्या कंपनीत त्या आठवड्यात वर्षअखेरची मालमोजणी होती. मी म्हटलं, सोमवारपर्यंत बघू. त्याच संध्याकाळी सुजूचा फोन आला. तिने विचारलं, दादा, मी येऊ का? बॅग भरलेली आहे, परवाचं तिकीट मिळतंय. मी म्हणालो, "काही गरज नाही. आई दोन दिवसांत घरी येईल."

मला माहीत होतं की तसं नाही. पण सुजू आली असती तर दवाखान्याच्या दारातच तिने पहिला प्रश्न विचारला असता, अजून इथेच का ठेवलंय? त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून प्रश्न विचारणारीलाच मी लांब ठेवलं. आई सोमवारच्या आत गेली.

अंगणात माणसं जमली. कुणीतरी विचारलं, सुजू नाय आली? मी म्हणालो, "एवढ्या लांबून, ऐनवेळचं तिकीट म्हणजे..." वाक्य मी पुरं केलंच नाही. ते लोकांनी पुरं केलं. दिवसकार्य होईपर्यंत गावात सगळ्यांना ठाऊक झालं होतं की तिकीट परवडलं नाही म्हणून मुलीला आईचं तोंड बघता आलं नाही. काहींनी हळहळ केली. काही बायका म्हणाल्या, परदेशात राहून तिकिटापुरतेही पैसे नसतात का. ते शब्द फिरत फिरत सुजूपर्यंत पोचलेच. तिने मला एकदा फोन केला, आणि मी येऊ नको का म्हणालास, एवढंच विचारलं. मी म्हणालो, मला असं होईल वाटलं नव्हतं. तिने फोन ठेवला. त्यानंतर ती फक्त आत्याशी बोलायची.

आईचं तेरावं झाल्यावर आत्याने डोळ्यावरची पट्टी काढली आणि मला विचारलं, ऑकलंडचं तिकीट किती असतं रे? मी सांगितलं.  ती म्हणाली, "यापुढे आपल्या घरात तिकिटाचा भाव बघून कोनी थांबायचं नाय." पुढच्याच महिन्यात ती बँकेत गेली.

म्हणजे कळलं ना? तिचा तो सगळा उद्योग, उन्हातान्हातले बस्ते, रांगेतल्या परक्या बायांची मनगटं, हे सगळं माझ्या एका अर्ध्या वाक्यावर उभं होतं. तिने एकदा जरी कंटाळून कार्ड ठेवून दिलं असतं तर मला सुटल्यासारखं झालं असतं. ती कंटाळली नाही. मीही बोललो नाही. बोलायचं असतं तर पहिल्याच आठवड्यात बोलायला हवं होतं. पुढे विमान जसजसं लांब गेलं तसतसं ते जास्तच अवघड होत गेलं.

ती कंजूष मात्र नव्हती. सुजूच्या जाण्यायेण्याचे पॉइंट एकदा जमल्यावर तिने त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं, आणि वरचे वाटायला सुरुवात केली. सांडोरच्या फिलोमिनाबाई तिच्या ऑफिसातल्या मैत्रीण. त्यांची मुलगी दोह्याला, पहिलं बाळंतपण तिथेच. पहिल्या बाळंतपणाला मुलीने माहेरी यायचं ही रीत त्यांच्याकडेही आणि आमच्याकडेही. मुलीला रजा नाही, फिलोमिनाबाईंचे पैसे घराच्या स्लॅबमध्ये अडकलेले. आत्या म्हणाली, मुलगी येत नाय तर माहेराने जावं, त्यात काय. तिकीट काढून दिलं. फिलोमिनाबाईंनी नातवाच्या बाप्तिस्म्याचा फोटो पाठवला, तो आत्याने देवघराशेजारी लावला. मग तो पायंडाच पडला. कळंब, गास, सांडोर, कुठे ना कुठे एखादी आई मेथीचे लाडू आणि बाळंतकाढा बॅगेत भरून आत्याच्या पॉइंटांवर विमानात बसायची. आत्या स्वतः कधी विमानात बसली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "मला कोनाचं बाळंतपन करता येत नाय. मी जाऊन काय करू?"

सुजूला मात्र ती दर वर्षी सांगायची, तिकीट तयार आहे, ये. आणि सुजू दर वर्षी तेच म्हणायची, दादाने बोलावलं तर येईन. माहेराला मुलगी भावाच्या बोलावण्याने येते, तिकिटाच्या बोलावण्याने नाही, हे आत्याला पुरतं पटलेलं होतं. ती मला म्हणायची, एक फोन कर. मी हो म्हणायचो. गणपतीला करतो, दिवाळीला करतो, मुलाची परीक्षा झाली की करतो. तिला वाटायचं, भावाबहिणीचा अहंकार आहे, निवळेल. एकदा चिडून म्हणाली, "अरू, विमान ऑकलंडला जाऊन उभं आहे रे. भाडं चढतंय." मी हसलो. काय करणार, हसलो.

मध्येच एकदा विमान कंपनीने दर बदलले. त्याच तिकिटाला आता जास्त पॉइंट लागणार, असा मेल आला. मी तो तिला वाचून दाखवला. आत्या सुपारी कातरत होती, ती थांबली. "म्हनजे आपन मागे आलो?" मी म्हणालो, हो. "कुठपर्यंत?" मी म्हणालो, ऑस्ट्रेलियापर्यंत असेल. ती म्हणाली, "बरं. जमीन तरी आहे खाली." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा एका बस्त्याला गेली. तेव्हा तिला चालताना धाप लागायला लागली होती. त्या दिवशी मला बोलायला हवं होतं. मी तिला रिक्षापर्यंत सोडलं.

हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. वसईच्या रुग्णालयात तिला ठेवलं, आणि एका दुपारी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. जवळच्या माणसांना बोलावून घ्या, ते म्हणाले. माणूस वेगळा, दवाखाना वेगळा, वाक्य तेच. मी खोलीत परत आलो तर आत्या जागी होती. माझ्या चेहऱ्यावरून तिला काय कळलं कोण जाणे, पण ती म्हणाली, आता तरी तिला फोन कर, तिकीट तयार आहे.

मी पलंगाच्या कडेला बसलो. "आत्या, तेव्हा तिकिटाचा प्रश्न नव्हता," मी म्हणालो. "ती येत होती. मीच नको म्हणालो. आईला मुंबईला हलवलं नव्हतं, ते तिने विचारलं असतं म्हणून."

आत्या वर पंख्याकडे बघत राहिली. ती रडेल असं मला वाटलं, किंवा शिव्या देईल. तसं काही झालं नाही.

"मंग एवढी वर्षं मी काय करत होते?" ती म्हणाली.

 मग तिने हात हलवला, जसा ती रोख पैसे काढणाऱ्यांपुढे हलवायची तसा. "मला नको सांगू. तिला सांग. भायेर जाऊन सांग, मला ऐकायचं नाय."

मी बाहेर पॅसेजमध्ये गेलो. सुजूचा नंबर माझ्याकडे होता, पण मी तो इतक्या वर्षांत कधी लावला नव्हता. तिने पहिल्याच रिंगला फोन उचलला. मी म्हणालो, आत्या बरी नाही, डॉक्टर बोलावून घ्या म्हणतात. ये. मग म्हणालो, आईच्या वेळी मी खोटं बोललो, आधी तुझ्याशी आणि नंतर सगळ्यांशी.   ती म्हणाली, "निघते." मी घाईघाईने सांगायला लागलो की पॉइंट आहेत, आत्याच्या फोनवर ओटीपी येईल, मी लगेच तिकीट काढतो. ती म्हणाली, "दादा, पॉइंटच्या सीटा ऐनवेळी मिळत नसतात. मी काढते."

ऐनवेळेसाठीच आत्याने ते जमवले होते. ऐनवेळी ते सगळ्यात कमी उपयोगाचे असतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सुजू आली. आत्याच्या उशाशी बसली, आणि आत्याने तिचा गाल चाचपून पहिला प्रश्न विचारला, तिकीट कितीला पडलं? सुजूने सांगितलं. आत्याने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "एवढ्यात कळंबची दोन बाळंतपनं निघाली असती. येडी आहेस." पण तिचा हात सुजूच्या हातातच राहिला. पुढचे काही दिवस सुजू तिला चमच्याने पेज भरवायची, आणि आत्या तिला विचारायची, विमानात खिडकी होती का, खाली पाणी दिसतं का, जेवण गरम असतं का. मी दारापाशी उभा असायचो. माझ्याशी आत्या त्या विषयावर पुन्हा बोलली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही, आणि मला माफी मागायचा धीर झाला नाही. एका सकाळी मी रुग्णालयाचं बिल भरायला निघालो तेव्हा तिने मला हाक मारली. "अरू, माझं कार्ड घेऊन जा. पर्समध्ये आहे." तिचं माझ्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं. त्या बिलाचे पॉइंट तिच्या खात्यावर जमा झाले तेव्हा ती नव्हती.

सगळे दिवस आटोपल्यावर मी बँकेत गेलो. तिथल्या मुलीने कार्ड बंद केलं आणि फार नरमाईने सांगितलं की उरलेले पॉइंट वारसाला देता येत नाहीत, ते जातात. मी म्हणालो, ठीक आहे. विमान कंपनीकडे वळवलेलेही तसेच गेले.

सुजू परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं मागच्या केळींत उभे होतो. माझ्या मनात बरेच दिवस होतं ते मी म्हणालो, तू आत्याला इतक्या वर्षांत खरं कधी सांगितलं नाहीस. माझी लाज राखलीस.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुझी? तुझ्यासाठी नाही रे दादा." मग म्हणाली, "आई गेल्यावर या घरात माझ्यासाठी काही जमवणारं कोण होतं? फोन केला की सांगायची, सुजू, आज लाइट बिल भरलं, तू सोलापूरच्या पुढे आलीस. मी तिथे भांडी घासत ऐकायचे. तिकिटाचा प्रश्नच नव्हता असं तिला सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तिने ते थांबवलं असतं."

इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की आत्या माझ्या खोट्यासाठी राबतेय, आणि सुजू ते खोटं माझ्यासाठी झाकतेय. दोघींच्या त्या सगळ्या बोलण्यात मी कुठे नव्हतोच. माझा दोष त्याने हलका होत नाही. पण तो केवढा आहे हे मला त्या केळींत उभं असताना पहिल्यांदा नीट दिसलं. मी एका मुलीचं आईकडे येणं अडवलं होतं, आणि त्यातून त्या दोघींनी आपल्यापुरतं एक माहेर उभं केलं होतं, फोनवर, विमानाने मैल मैल पुढे सरकत. आता ते चालवणारी गेली होती.

मी सुजूला म्हणालो, भाऊबीजेला ये. तिने विचारलं, हे बोलावणं समजू का? मी म्हणालो, हो. मग तिने तारीख विचारली, आणि मी ती तिथेच बघून सांगितली.